भांडण बांधाचं नव्हतं

माझ्या दोन भावांनी एकमेकांशी बोलणं टाकलं, तेव्हा अख्ख्या पाली गावानं एकच निदान केलं: बांध. आमच्या बीडकडं दोन सख्खे भाऊ बोलेनासे झाले की कारण शोधत बसायची कोणाला गरज वाटत नाही. एकानं बांध कोरला असेल, नाहीतर विहिरीच्या पाळीवरून वाजलं असेल, नाहीतर सामायिक आंब्याचा पाड एकट्यानंच उतरवला असेल. माझा मोठा भाऊ पालीत राहतो, शेती आणि शेरडं बघतो. धाकटा बीडला एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. दोघांची शेतं शेजारी शेजारी, मधे एक बांध. गावाला एवढं पुरे होतं.

मी त्या दोघांची थोरली बहीण. अंबाजोगाईला एका दवाखान्यात परिचारिका आहे. भावांचं फिसकटल्याची बातमी मला मोठ्या भावजयीनं पोळ्यानंतर फोनवर दिली.

"आक्का, औंदा भाऊजी पोळ्याला आले न्हाईत."

"कावून?"

"ह्यांना इचारलं तर भिताडाकडं बघत्यात. गाव म्हणतंय बांध कोरला. आता तुमीच सांगा, भाऊजींनी पाऊस पडल्यापासून शेतात पाय न्हाई ठिवला. बांध कोरला कोणी?"

मी मोठ्याला फोन लावला. तो म्हणाला, "काई न्हाई, आक्का. तू तुजी ड्यूटी बग." मग धाकट्याला लावला. तो वर्गात बोलतात तशा आवाजात म्हणाला, "आक्का, हा तत्त्वाचा प्रश्न आहे."

तत्त्व म्हटल्याबरोबर माझ्या लक्षात आलं आणि मी कपाळाला हात लावला. आमच्या घरात तत्त्व हा शब्द जमिनीसाठी कधी वापरला गेला नव्हता. देवाधर्मासाठीही नाही. तो फक्त कॉमिक्ससाठी राखून ठेवलेला होता.

हे समजायला थोडं मागं जावं लागेल. आम्ही तिघं शाळेसाठी पालीहून बीडला यायचो. परतीच्या गाडीला वेळ असायचा आणि बसस्टँडच्या मागं एक दुकान होतं, तिथं भाड्यानं कॉमिक्स मिळायची. सगळी हिंदीतली. बसस्टँडवरची भाषा तशीही अर्धी हिंदी, अर्धी उर्दू, त्यामुळं आम्हाला ती कधी परकी वाटली नाही. त्यात एक नायक होता, जो आम्हा तिघांचा होऊन बसला. त्याचं सगळं बळ पायांत. अनवाणी पाय मातीला टेकलेले असले की तो डोंगर हलवायचा, आणि पाय जमिनीवरून उचलले गेले की एखाद्या कारकुनासारखा दुबळा व्हायचा. खलनायकांची सगळी खटपट त्याला अधांतरी कसं लटकवायचं यासाठी असायची.

या नायकाच्या गोष्टी आधी एका लेखकानं लिहिल्या आणि पुढं दुसऱ्यानं. लेखकाचं नाव आतल्या पानावर बारीक अक्षरात यायचं. मला ते कधी दिसलंच नसतं, पण मोठ्यानं ते आधी हेरलं. एका अंकात चार पानं वाचून तो म्हणाला, "हे येगळ्यानं लिवलंय." पान उलटून बघितलं तर खरंच नाव बदललेलं. तेव्हापासून आमच्या घरात पहिल्या लेखकाला 'जुने' आणि दुसऱ्याला 'नवे' म्हणायची पद्धत पडली. सणाच्या ताटावर, रानात, बसच्या टपावर बसून जाताना, जुने आणि नवे. मोठा जुन्यांचा, धाकटा नव्यांचा. असं का झालं ते मला आजही सांगता येणार नाही. कदाचित मोठ्यानं जुन्यांची बाजू आधी उचलली म्हणून धाकट्याला नव्यांची घ्यावी लागली असेल.

वाद मात्र पोरकट नव्हता, हे मला मान्य करावं लागेल. मोठ्याचं म्हणणं असं, की जुन्यांनी नायकाला एक नियम घालून दिला होता आणि तो नियम त्यांनी कधी मोडला नाही. फरशी आली की आपल्याला धडधडायचं. नायक एखाद्या बंगल्यात शिरला की पहिली नजर त्याच्या पायाखाली जायची. नव्यांनी काय केलं, तर त्याला उडवला. ज्याचं बळ मातीत, तो आभाळात. त्यासाठी नव्यांनी त्याच्या कमरेला मातीची पिशवी बांधली होती.

"पिशवीभर माती घेऊन कोनीबी उडंल," मोठा म्हणायचा. "मग खलनायकानं करायचं काय? त्येनं घरी बसावं."

धाकट्याचं म्हणणं, जुन्यांचा नायक माणूसच नव्हता. त्याला भूक लागत नाही, झोप येत नाही, कोणाचा राग येत नाही. जुन्यांचे खलनायक पहिल्या चौकटीत हसतात ते शेवटच्या चौकटीपर्यंत हसतच असतात. आणि प्रत्येक गोष्टीचा शेवट एकच: गुहा कोसळते. नव्यांनी नायकाला बाप दिला, आणि त्या बापाशी त्याचं पटत नाही असं दाखवलं. एका अंकात तर नायक पूर्ण तीन पानं नुसता ओट्यावर बसून असतो. धाकटा ती तीन पानं तोंडपाठ म्हणून दाखवायचा.

"आन् मग शेवट कुटंय?" मोठा विचारायचा. इथं धाकटा अडकायचा, कारण नव्यांना शेवट करता येत नव्हता. त्यांची गोष्ट पुढच्या भागावर जायची, पुढचा भाग त्याच्या पुढच्यावर, आणि बसस्टँडमागच्या दुकानात मधलाच कुठला तरी भाग आलेला नसायचा. मेलेली माणसं कारण न देता परत यायची.

आता तुम्ही म्हणाल, पोरवयात ठीक आहे. मीही तेच म्हणत होते. लग्नं झाली की थांबेल असं वाटलं, नाही थांबलं. लेकरं झाली, नाही थांबलं. वडील गेले, तेव्हा दहाव्याला बिंदुसरा नदीच्या काठावर टक्कल केलेले हे दोघं जण कावळ्याची वाट बघत हळू आवाजात कोणत्या अंकापासून बिघडायला लागलं याची चर्चा करत होते. मी ऐकलं आणि तिथून उठून गेले.

मधे काही वर्षं जरा शांततेची गेली, कारण ती कॉमिक्स मिळायचीच बंद झाली होती. मग मोबाईल आले. कोणीतरी जुने अंक पुन्हा छापले. धाकट्याला कळलं की देशभर अशी माणसं आहेत, जी आमच्या या दोघांसारखीच बिघडलेली आहेत. त्यानं व्हॉट्सॲपवर त्यांचा एक ग्रुप काढला. मोठ्यालाही त्यात घेतलं. मोठा शेरडं चारता चारता बाभळीखाली बसून हिंदीत लांबलचक मजकूर टाकायचा, आणि लोक त्याला मानायचे. भोपाळचा कोणी, पाटण्याचा कोणी, त्याला 'बड़े भाई' म्हणायचा. माझ्या भावजयीनंच मला सांगितलं, की त्या दिवसांत तो इतका खुशीत होता की जेवताना बोलायचा. एरवी आमचा मोठा जेवताना बोलत नाही.

मग धाकट्यानं ग्रुपवर जुन्यांच्या दोषांवर एक लेख टाकला. मोठ्यानं उत्तर दिलं. धाकट्यानं प्रत्युत्तर दिलं. मोठ्यानं लिहिलं, की ज्यानं आयुष्यात कधी अनवाणी नांगर धरला नाही त्याला हा नायक कळायचा नाही. धाकट्यानं लिहिलं, की व्यक्तिगत टीका ग्रुपच्या नियमात बसत नाही. मोठ्यानं लिहिलं, की नियम तर तुझ्या लेखकालाही ठाऊक नव्हता. आणि धाकट्यानं सगळ्या देशादेखत सख्ख्या मोठ्या भावाला ग्रुपमधून काढून टाकलं.

हे एवढं मला त्या दोघांकडून तुकड्या-तुकड्यानं काढून घ्यायला दिवाळी उजाडली. दर रविवारी एकाला फोन, मग दुसऱ्याला. मोठा म्हणायचा, त्येनं मला काडलं. धाकटा म्हणायचा, मी ॲडमिन म्हणून काढलं, भाऊ म्हणून नाही. मी म्हटलं, मग भाऊ म्हणून परत घे. तो म्हणाला, तसा पायंडा पडला तर ग्रुप चालवता येणार नाही. माझ्या वॉर्डात हाड मोडलेली, भाजलेली माणसं असतात, त्यांच्या नातेवाइकांची भांडणं मी रोज मिटवते. पण या दोघांपुढं मी हात टेकले.

चीड येण्यासारखी गोष्ट अशी, की बाकी सगळं सुरळीत चालू होतं. विहिरीची पाळी धाकट्याची असली की मोठा न चुकता त्याच्या हरभऱ्याला पाणी देत होता. मोठ्याच्या गुडघ्याचा फोटो धाकट्यानं बीडच्या डॉक्टरला दाखवून गोळ्या पाठवल्या, भावजयीच्या हातात. माणसं एकमेकांसाठी मरायला तयार होती. फक्त तोंड उघडायला तयार नव्हती.

आणि इकडं गावात बांधाची गोष्ट पसरत चालली. भावजयीला बायका विहिरीवर विचारायच्या, किती कोरला? एक वाव का दोन? ती सांगायची, काही कोरला नाही. त्यावर बायका एकमेकींकडं बघायच्या. खरं सांगावं तर तिलाच लाज वाटायची. "कॉमिक्स म्हनून सांगू का वो आक्का? पन्नाशी उलाटल्याल्या मानसाचं?"

शेवटी गावातले एक पुढारी यात पडले. सगळे त्यांना नाना म्हणतात. पूर्वी तालुक्याच्या राजकारणात होते. आता त्यांना कोणी विचारत नाही, म्हणून तंटे मिटवतात. त्यांनी परस्पर ठरवलं की दोघा भावांना समोरासमोर बसवायचं आणि नाहीच ऐकलं तर सरकारी मोजणी लावायची. मोजणीचं नाव निघाल्याबरोबर आमच्या पलीकडच्या शेताचा मालक भावजयीकडं येऊन हात जोडून गेला. म्हणाला, वहिनी, भावाभावांत मिटवा, मोजणी-बिजणी नको. म्हणजे कोणी बांध कोरला होता हेही त्यात कळलं, पण त्याचं तेव्हा कोणाला काही नव्हतं.

भावजयीनं मला बोलावून घेतलं. मी रजा टाकली आणि पालीला गेले.

मोठ्याच्या घरापुढं पत्र्याचं छप्पर आहे, तिथं खुर्च्या मांडल्या होत्या. पुढारी मधल्या खुर्चीवर, पांढऱ्या कपड्यांत. मोठा खाली सतरंजीवर मांडी घालून, नजर शेरडांकडं. धाकटा मोटारसायकलवरून आला, मला नमस्कार केला, भावजयीला केला, आणि मोठ्यापासून जितकं लांब बसता येईल तितकं लांब बसला. पलीकडच्या शेताचा मालकही आला होता, त्याला कोणी बोलावलं नव्हतं. चहा झाला.

पुढाऱ्यांनी घसा साफ केला. "हे बगा. तुमचा बाप माजा दोस्त हुता. त्येच्या माघारी त्येच्या पोरांनी वाद घालावा हे मला बगवत न्हाई. बोला बे. बांध कोनी कोरला?"

मोठा म्हणाला, "बांधाचं काई न्हाई, नाना."

"मग इहिरीचं?"

"न्हाई."

"तू सांग मास्तर. वाटनीचं काई हाय का?"

"नाही नाना. वाटणी वडिलांनीच करून दिली होती. माझी काही तक्रार नाही."

"मग कावून बोलत न्हाईत तुमी येकमेकांला?"

मोठा शेरडांकडं बघत राहिला, धाकट्यानं मोबाईल काढला. पुढाऱ्यांनी दोघांकडं आळीपाळीनं बघितलं. त्यांना एवढ्या वर्षांच्या अनुभवानं ठाऊक होतं, की जमीन नाही, पाणी नाही, तर मग तिसरंच काही असतं. त्यांनी आवाज खाली आणला आणि मान वळवून भावजयीकडं बघितलं. "घरातल्या बायामानसांचं काई लागलं आसंल तर बायकांनी जरा आत जावं. आमी गडीमानसं बोलतो."

कप गोळा करणारी भावजय ट्रे घेऊन जागच्या जागी थांबली. बिचारी सहा महिने विहिरीवर टोमणे खाऊन गप्प राहिली होती आणि आता हे तिच्यावर येत होतं. आणि तिचा नवरा, माझा सख्खा भाऊ, खाली बघून सतरंजीचा दोरा उपसत होता. दीर मोबाईलची काच पुसत होता. आपण कशावरून भांडलो हे चारचौघांत सांगायची लाज वाटत होती दोघांना. त्या लाजेपायी एका बाईवर संशय येतो आहे, याचं एकालाही काही वाटत नव्हतं.

मी उठून उभी राहिले. "नाना, तिचा काही संबंध नाही. हे दोघं कॉमिक्सवरून भांडलेत."

"कशावरून?"

"कॉमिक्स. चित्रांची पुस्तकं. पूर्वी स्टँडमागं भाड्यानं मिळायची. त्या पुस्तकांचे दोन लेखक होते. त्यातला कोणता चांगला, यावरून यांचं बोलणं बंद आहे."

पलीकडच्या शेताच्या मालकानं मोठा सुस्कारा सोडला. मी थट्टा करते आहे का, ते पुढाऱ्यांना ठरवता येईना.

"आक्का," धाकटा म्हणाला, "इतकं सोपं नाही ते. मी लेखकांबद्दल लिहिलं होतं, दादानं माझ्याबद्दल लिहिलं."

"तू त्येंना थापाड्या म्हनलास," मोठा म्हणाला. सहा महिन्यांत त्यानं धाकट्याला उद्देशून उच्चारलेलं हे पहिलं वाक्य. "ज्या मानसानं ह्यो गडी तयार केला त्येला तू थापाड्या म्हनलास, समद्यांसमोर."

"मी म्हटलं, त्यांची गुहा कोसळते ती लेखकाची सोय म्हणून कोसळते."

"आन् तुज्या लेखकाचं मेल्यालं मानूस कशानं उटतं? कोनाची सोय?"

झालं. गाडी रुळावर आली. दोघं खुर्ची आणि सतरंजीवरून एकमेकांवर तुटून पडले. पण अजून एकमेकांकडं न बघता, दोघंही पुढाऱ्यांकडं बघून बोलत होते, कोर्टात बोलावं तसं. पायाचा नियम. मातीची पिशवी. बापाशी अबोला. धाकट्याची पुस्तकी मराठी गळून पडली आणि तो "आसं कसं आसंल" म्हणायला लागला. भावजय दारात ट्रे धरून उभी होती. मला वाटलं आता पुढारी उठून निघून जातील आणि आपली सुटका होईल.

पण पुढाऱ्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "थांबा, थांबा. ह्यो त्योच का, अनवानी पायाचा? पांडरी विजार आन् उगडं आंग?"

"तुमी वाचलंय, नाना?" मोठ्यानं विचारलं. त्याच्या आवाजात इतकी आशा होती की मला त्याची कीव आली.

"तर. थोरला पोरगा वसतिगृहात हुता, त्येला भेटाया गेलतो तवा त्येच्या ट्रंकंत घावली. दोन दिस तितंच बसून बगितली." पुढारी खुर्चीत मागं रेलले. आता ते निवाडा देणार होते. "तुमी दोगंबी येडे हाव. लेखकाचं काय घिऊन बसलाव? लिवल्यालं कोन वाचतंय? खरी कमाल चित्रं काडनाऱ्याची. काय पाय काडायचा तो गडी. बोटं न बोटं. मी तर आक्षर येक वाचलं न्हाई, नुस्ती चित्रं बगितली, आन् मला समदी गोष्ट कळली. लेखक काडून टाकला तरी काई आडत न्हाई."

मोठ्यानं मान वळवून धाकट्याकडं बघितलं. धाकट्यानं मोठ्याकडं. 

"आक्षर न वाचता?" धाकटा म्हणाला.

"आक्षर न वाचता," मोठा म्हणाला, "म्हंजी फुग्यातलं बोलनं काईच न्हाई वाचलं तुमी?"

"कशाला वाचायचं?"

"नाना," मोठा अगदी शांतपणे म्हणाला, "मग बाप आन् पोराचा आबोला तुमाला कळलाच नसंल. त्यात चित्रात काईच न्हाई. दोगं नुस्ते बसल्यात."

हा नव्यांचा अंक होता. धाकट्याची तीन पानं. मोठ्यानं इतक्या वर्षांत त्या तीन पानांबद्दल चांगला शब्द काढला नव्हता, आणि आज तो त्यांच्या बाजूनं उभा राहिला होता. धाकट्याच्या ते लक्षात आलं. तो लगेच म्हणाला, "आणि फरशीचा प्रसंग? फरशी आहे हे नायकाच्या मनात आधी येतं, चित्रात नंतर दिसतं. जुन्यांची ती खुबी आहे. वाचलं नाही तर ती गेलीच."

मग दोघांनी मिळून पुढाऱ्यांना घेरलं. पुढाऱ्यांनीही माघार घेतली नाही, राजकारणात माघार घ्यायची त्यांना सवय नव्हती. आवाज चढत गेले. धाकटा म्हणाला, की न वाचता मत द्यायची सवय पुढाऱ्यांना असतेच. पुढाऱ्यांनी टोपी घातली. "तंटा मिटवाया आलतो," ते म्हणाले, "आपमान करून घ्यायला न्हाई," आणि ते निघाले. पलीकडच्या शेताचा मालक त्यांच्यामागं जवळजवळ पळतच गेला. मोजणी टळली याचा आनंद त्याच्या चालीत दिसत होता. मी फाटकापर्यंत जाऊन पुढाऱ्यांची माफी मागितली, वयाचा मान म्हणून. ते माझ्याकडं न बघता म्हणाले, "बाई, तुमच्या भावांना दवाखान्यात दावा."

मी परत आले तर दोघं भाऊ सतरंजीवर समोरासमोर बसले होते आणि पहिल्यापासून सुरू झाले होते. कोणी कोणाची माफी मागितली नव्हती. भावजयीला तर कोणी विचारलंही नव्हतं. ती आत चुलीपुढं बसून भाकरी थापत होती, नेहमीपेक्षा जोरात.

"चार भाकरी जादा टाकते," ती मला म्हणाली. "बोलून बोलून भूक लागंल." ती रडली असावी असं मला वाटलं, पण मी विचारलं नाही. पिठलं उतरवायला तिला मदत केली.

जेवायला बसल्यावरही त्यांचं संपेना. ताटावर बोटानं रेघा ओढून कोणता अंक कोणाच्या आधी ते चाललं होतं. धाकटा म्हणाला, जुन्यांना बाईमाणूस लिहिता येत नव्हतं, हे तरी दादा तू मान्य कर. नव्यांनी नायकाच्या बहिणीला डॉक्टर केलं. मोठा म्हणाला, ते मान्य हाय.

मी घास खाली ठेवला. "तिला डॉक्टर केलं," मी म्हटलं, "आणि मग काय केलं?"

"म्हणजे?"

"जुने तिला साडीत बांधून टाकायचे. नवे पांढऱ्या कोटात बांधून टाकायला लागले. खांबाला, खुर्चीला, पंख्याला. तिनं एकाही अंकात एक पेशंट तपासला नाही. तिच्याही पायात तेच बळ असेल की नाही? सख्खी बहीण त्याची. दोघांपैकी एकाला तरी सुचलं का, की हिची चप्पल काढून बघावी?"

मी त्यांच्याआधी ती कॉमिक्स वाचत होते, हे माझे भाऊ विसरून गेले होते. दुकानातून अंक मीच आणायचे, कारण थोरली म्हणून दुकानदार माझ्याच हातात द्यायचा, आणि गाडीत आधी मीच वाचून काढायचे. इतक्या वर्षांत माझं मत त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. मला वाटायचं, यांचं तत्त्वाचं चाललंय.

"तिचं नाव काय होतं रे?" मी विचारलं.

मोठ्याला कोणत्या अंकात खलनायकाच्या हाताला किती बोटं आहेत तेही पाठ. तो छताकडं बघायला लागला. धाकट्यानं मोबाईल काढला, शोधलं, पुन्हा शोधलं. "येईल आठवून," तो म्हणाला. 

मला आठवत होतं. मी सांगितलं नाही.

धाकट्यानं त्याच दिवशी, निघण्याआधी, मोठ्याला ग्रुपमध्ये परत घेतलं. घेताना असंही लिहिलं, की तांत्रिक कारणानं सदस्य बाहेर गेले होते. मोठ्यानं ते वाचून मान हलवली आणि वाद वाढवला नाही. त्याच्याकडून एवढा समजूतदारपणा मी पूर्वी पाहिला नव्हता. भोपाळवाल्यानं आणि पाटणावाल्यानं 'बड़े भाई' म्हणून फुलं पाठवली. मोठ्यानं तो फोन भावजयीला नेऊन दाखवला. तिनं हात पुसून तो घेतला, बघितला, आणि परत दिला. "आता पोळ्याला समदे या म्हनावं," एवढंच ती म्हणाली.

गावानं मात्र आपलं मत बदललं नाही. आजही पालीत विचारलं तर कोणीही सांगेल, की त्या दोन भावांचं बांधावरून वाजलं होतं आणि नानांनी ते मिटवलं. नानाही तसंच सांगतात. 

धाकट्यानं मला न विचारता मलाही त्या ग्रुपमध्ये टाकलं. मी सकाळी बघितलं तर संदेशांचा ढीग. पुसून टाकणार होते, पण एका दुपारी वॉर्डात जरा सवड होती, म्हणून मी बहिणीबद्दल चार ओळी लिहिल्या. हिंदीत, जमेल तशा. तिला कसं कसं बांधलं, कोणत्या लेखकानं, आणि तिला सोडवायला लागणारी पानं वाचवून काय काय करता आलं असतं. लिहून झाल्यावर बरं वाटलं.

सांजच्याला उत्तरं आली. शिरूर कासारच्या एका शिक्षिकेनं लिहिलं होतं, की लहानपणी ती खेळात नेहमी बहीणच व्हायची आणि भाऊ तिला दोरीनं बांधून जेवायला निघून जायचे. ते वाचून मी हसले. त्याच्याखाली माझ्या दोन भावांचे दोन लांबलचक लेख होते. तत्त्व म्हणून दोघं पहिल्यांदाच एका बाजूला आले होते, माझ्याविरुद्ध. मोठ्यानं लिहिलं होतं, की बहीण बांधली नाही तर नायक घराबाहेर निघणार कशाला. धाकट्यानं त्याला अनुमोदन देऊन गतीचा पहिला नियम समजावून सांगितला होता: बाहेरून बळ लागल्याशिवाय काहीच हलत नाही.

मी उत्तर दिलं नाही. पण उत्तर नाही म्हणजे मी चिडले, असं त्यांनी धरलं. दुसऱ्या दिवशी मी एका आजोबांच्या पायाची पट्टी बदलत असताना मोठ्याचा फोन आला. "आक्का, तुला राग आला का? त्ये लेखकांबद्दल हुतं, तुज्याबद्दल न्हवतं." तो ठेवतो न ठेवतो तोच धाकट्याचा. "आक्का, दादानं फोन केला होता का? काय म्हणाला?"

आजोबांचा पाय माझ्या हातात होता. मी म्हटलं, ड्यूटीवर आहे, आणि फोन बंद केला.